तानाजीच्या गिरणीतली इंग्रजी भावकी

नांदूरघाटच्या बाजारतळाला लागून तानाजीची पिठाची गिरणी आहे. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली, एक मोटर, एक पट्टा आणि पिठानं माखलेला तानाजी. त्याच्या भुवया मूळच्या कोणत्या रंगाच्या हे गावात फक्त त्याची बायको मुक्ताबाई सांगू शकते, आणि तिलाही हल्ली खात्री उरलेली नाही. लग्नाच्या फोटोत काळ्या दिसतात, एवढाच काय तो पुरावा.

या तानाजीला इंग्रजी येतं. सगळं नाही. जी या अक्षरापासून एस या अक्षरापर्यंतचं येतं.

त्याचं झालं असं, की गिरणीचा पट्टा तुटला म्हणून तो केजला गेला होता. नवा पट्टा गळ्यात अडकवून परतीच्या जीपमध्ये येऊन बसला, तर जीप हलेना. केजहून निघणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ड्रायव्हरच्या मते ती कधीच भरलेली नसते. मांडीवर माणूस, त्या माणसाच्या मांडीवर कोंबडी, तरी ड्रायव्हर दारात उभा राहून "चला, रिकामी हाय, रिकामी हाय" म्हणून ओरडतच असतो. तानाजी कंटाळून खाली उतरला. शेजारी रद्दीचा गाडा होता आणि गाड्यावर एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश पडला होता. पुढची पानं उंदरांनी नेलेली, मागची कुणा भजीवाल्यानं. उरलेलं पुस्तक जीपासून सुरू होत होतं आणि टी लागायच्या आत संपत होतं.

"अर्धाच हाय की ह्यो," तानाजी म्हणाला.

"सगळा असता तर तुमी वाचला असता का?" रद्दीवाला म्हणाला.

हे तानाजीला लागलं. त्यानं शब्दकोश घेतला.

तेव्हापासून त्याच्या लेखी इंग्रजी भाषा जीपासून चालू होते. ॲपल, बॉल, कॅट ही मंडळी त्याला शाळेपासून माहीत आहेत, पण ती नुसती तोंडओळख. टीच्या पुढचं तर सगळं परमुलुखातलं. कोणी 'थँक्यू' म्हणालं की तो पिठाळ हात वर करून सांगतो, "ते मह्याकडं न्हाई. सॉरी हाय, पाहिजे तर."

शब्दकोश ही सलग वाचायची वस्तू नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला. लाइट गेली की वाचायचा. आणि आमच्याकडची लाइट वाचनाला पुष्कळच उत्तेजन देते. अशाच एका दुपारी मोटर थंड पडलेली, डबे रांगेत बसलेले, आणि तानाजी पुस्तकावर ओणवा झालेला असताना मुक्ताबाई चहा घेऊन आली.

"आवं, चहा. मघाचा बी निवला."

"मुक्ते, हिकडं ये. बघ. ग्लो म्हंजे उजेड देणं. ग्लिटर म्हंजे चकाकणं. ग्लीम म्हंजे बारीक चमक. ग्लेअर म्हंजे डोळ्यावर येणारा उजेड. ग्लिसन म्हंजे ओलं असून चमकणं. समद्यांच्या म्होरं जी-एल, जी-एल. काय समजलं?"

"चहा परत तापवावा लागंल, एवढं समजलं."

"अगं, समदे एका आडनावाचे हायत! ही भावकी हाय!"

आता, बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण आमच्या भागात नवा माणूस भेटला की त्याची तब्येत कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव काय, तिसरा अमक्यातमक्याचे तुम्ही कोण, आणि चौथ्या प्रश्नाला तो माणूस विचारणाऱ्याच्या साडूचा चुलतभाऊ निघून चहाला बसलेला असतो. तानाजीनं इंग्रजी शब्दांना फक्त हेच विचारलं. एवढी वर्षं शाळेत ते शब्द त्याला एकेकटे, अनोळखी, एसटी स्टँडवरच्या प्रवाशांसारखे भेटले होते. आज प्रथमच ते कुटुंबासह आले.

"पण हा एक बघ," तो जरा हिरमुसून म्हणाला. "ग्लूमी. अंधारलेला, उदास. उजेडाच्या घरात ह्यो कसा जन्मला?"

"असतो एक एका घरात," मुक्ताबाई म्हणाली आणि नवऱ्याकडं तिनं एक झरकन नजर टाकली. तसल्या नजरेला ग्लान्स म्हणतात आणि तीही त्याच भावकीतली, हे तानाजीला मागचं पान पुन्हा उलटल्यावर कळलं.

मग त्याला भावक्याच भावक्या सापडू लागल्या. एस-एनचं घर म्हणजे सगळं नाकाचं. स्नोअर म्हणजे घोरणं, स्नीझ म्हणजे शिंकणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नाउट म्हणजे जनावराचं पुढं आलेलं नाक, स्नीअर म्हणजे नाक मुरडणं. एस-एलचं घर निसरडं. स्लिप, स्लाइड, स्लोप, आणि स्लश म्हणजे चिखलाचा राडा. पावसाळ्यात पांदीच्या अरुंद वाटेनं चालताना माणूस हे सगळे शब्द एकदमच करतो, फक्त त्याला नावं ठाऊक नसतात.

दळणाला आलेल्या पोरांना तो हे सांगू लागला. पोरंही काही कमी नव्हती.

"काका, स्नो म्हंजे बर्फ. त्याचं काय नाक?" प्रविण नावाच्या एका खणखणीत आवाजाच्या पोरानं विचारलं.

तानाजीनं विचार केला. "ते घरजावई हाय. राहतं त्या घरात, पर घराण्यातलं न्हाई."

"अन् स्नेक? साप?"

"दत्तक."

"अन् स्नेल? गोगलगाय?"

"बे, तू काय तलाठी हायस का? प्रत्येक घरात चार पाव्हणे राहतेतच!"

शाळेतल्या गुरुजींच्या कानावर हे गेलं. ते डबा घेऊन आले तेव्हा हसत म्हणाले, "तानाजीराव, कल्पना छान आहे, पण सगळीकडं नाही लागू होणार बरं का."

"गुरुजी, भावकी तरी कुठं सगळीकडं लागू होती?" तानाजी म्हणाला. गुरुजींचा स्वतःच्या भावकीशी बांधाचा वाद चालू होता. त्यांना ते एकदम पटलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माणसाला एखादी गोष्ट आवडली की तो तिचा नियम करतो. तानाजीनं नियम केला. रोज सकाळी गिरणीच्या दारावर खडूनं दोन अक्षरं लिहायची. त्या अक्षरांनी सुरू होणारा शब्द आणि त्याचा अर्थ जो सांगेल, त्याचा डबा रांगेत एक घर पुढं. एकदा सांगितलेला शब्द त्या दिवसापुरता संपला.

गावात क्रांती झाली. एरवी दळणाचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात दुखायचं ती पोरं आयांच्या हातातून डबे ओढून पळू लागली. डबा अर्धा भरलेला असला तरी चालेल, पण आज एस-टी आहे, आज गेलंच पाहिजे. जेवताना बापाला विचारू लागली, "बाबा, ग्लॉसी म्हंजे काय सांगा?" आणि बाप बातम्यांचा आवाज मोठा करू लागले.

या सगळ्यांत पहिला नंबर आरोहीचा. धर्मराज आणि दीपमालाची ही पोरगी, पायात एक चप्पल निळी आणि एक लाल. ती आजीचा, म्हणजे दगडाबाईचा डबा घेऊन यायची. डबा कसला, पत्र्याचा पोचे पडलेला जुना तेलाचा डबा, कडीला ओळखीसाठी लुगड्याची चिंधी बांधलेली. पण रांगेत शेवटी ठेवलेला तो डबा बघता बघता गिरणीच्या तोंडाशी यायचा. आरोही पीठ घेऊन निघाली की मागची पोरं सुटकेचा निःश्वास टाकायची.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे गाव हलकं झालं. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या ट्रकात बसल्या. धर्मराज आणि दीपमाला कोयता घेऊन साताऱ्याकडच्या कारखान्याला निघाले, आणि यंदा धाकट्या भावाला सांभाळायला आरोहीलाही घेऊन गेले. घरात राहिली दगडाबाई, एक शेळी आणि चिंधीवाला डबा.

दगडाबाई आता स्वतः दळणाला येऊ लागली. डबा रांगेत ठेवायची आणि पोत्यावर बसायची. समोर पोरांचा गलका. "स्टिक! काठी!" "स्टिफ! ताठ!" एकेक डबा तिच्या डब्याला ओलांडून पुढं जायचा. तानाजी मोटरच्या आवाजात "शाब्बास, पुढं घे!" म्हणून ओरडायचा. तो तर रंगात आलेला. पुढं जाणारा डबा त्याला दिसायचा, मागं राहणारा दिसायचा नाही. म्हातारी दुपारी यायची आणि गुरं घरी परतताना पीठ घेऊन जायची.

एके दिवशी तिचा नंबर लागता लागता प्रविणला 'स्टबर्न' आठवला. अर्थ हट्टी. डबा पुढं. त्याचं दळण होतंय न होतंय तोच लाइट गेली. मोटर हुंकार देऊन थंडावली.

दगडाबाई उठली. तिनं आपला जोंधळ्याचा डबा डोक्यावर घेतला.

"काकू, बसा की. येईल आत्ता," तानाजी म्हणाला.

"तान्या," दगडाबाई म्हणाली, "तुह्या इंग्रजीला भाकर लागत न्हाई. मला लागती."

आणि गेली. ती पुन्हा आलीच नाही.

पहिले काही दिवस तानाजीनं स्वतःची समजूत घातली. म्हातारी पाव्हण्याकडं गेली असेल. दुसऱ्या गिरणीत जात असेल. मग एका सकाळी मुक्ताबाईनं चहाबरोबर बातमी आणली.

"दगडाकाकू जातं वढायल्यात."

"जातं? कावून?"

"कावून म्हंजे? भाकर खायला. माळ्यावरनं शेजाऱ्याच्या हातानं खाली काढून घेतलं म्हणं. ह्या वयात. अन् गिरणीवाला बसलाय एस-टी, एस-टी करत."

तानाजीचा चहा त्या दिवशीही निवला, पण पुस्तकापायी नाही.

त्याला गिरणीचा पहिला दिवस आठवला. गावात तेव्हा एक जुनी गिरणी होती आणि नव्या गिरणीचं पीठ गरम निघतं, भाकर थापताना चिरते, असं लोकांनी न दळताच ठरवून टाकलं होतं. तानाजी नारळ फोडून, कपाळाला गंध लावून दुपारपर्यंत बसला, पण एक डबा येईना. शेवटी दगडाबाई आली. "दळ," म्हणाली. "भाकर चिरली तर तुलाच चारीन." दुसऱ्या दिवशी भरल्या बाजारात ती एवढंच म्हणाली, "न्हाई चिरली." तेवढ्या दोन शब्दांवर त्याचा संसार उभा राहिला. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीला मोटर-पट्ट्याची पूजा झाली की पहिलं दळण दगडाबाईचं. त्याशिवाय तो दुसऱ्या कोणाच्या डब्याला हात लावत नसे. आता त्या बाईनं जातं खाली उतरवलं होतं. गिरणी बंद पडली असती तरी त्याला एवढं लागलं नसतं. जळालेली मोटर बांधून घेता येते; पहिलं गिऱ्हाईक पुन्हा कुठून आणणार?

तो तिच्या घरी गेला. अंगणात शेळी बांधलेली, ओट्यावर जातं, आणि जात्यापाशी दगडाबाई मनगट चोळत बसलेली.

"काकू, डबा द्या. म्या नेतो, म्या दळतो, म्या आणून देतो."

"कावून? म्या काय आमदार हाय का?"

"तुमाला नंबरच न्हाई. आलं की थेट दळायचं."

"म्हंजे पोरं रांगेत बसणार अन् म्या मधी घुसणार? तुह्या पहिल्या दळणापासून म्या नंबरानं दळलंय, तान्या. मेहेरबानीचं पीठ मह्या तव्यावर न्हाई चालत."

"मग ती इंग्रजीच बंद करतो. आजपास्नं."

यावर दगडाबाई खरोखरच रागावली. "बंद करतो म्हनं! मही आरोही तिथंच शिकली की. रातीला झोपेत शिंकली तरी त्या शिंकेचं इंग्रजी नाव सांगायची. बंद केलं तर ती आल्यावर काय करंल?"

तानाजी पेचात पडला. नियम ठेवावा तर म्हातारी येत नाही, मोडावा तर म्हातारी रागावते. त्याला एकच वाट दिसली. तो ओट्यावर मांडी घालून बसला.

"काकू, मग एक शब्द शिका. सोपा हाय. म्हना, ग्लो."

"ग...लव."

"लव न्हाई, ग्लो. ओठ असे गोल करायचे."

"तान्या, दात न्हाईत मला. म्या ओठ गोल केले की आतली हवाच बाहेर येती. जा आता. शेळीचं दूध काढायचंय."

शेळीनंही तानाजीकडं अशा नजरेनं पाहिलं, की तो उठलाच.

त्यानंतरचा बाजाराचा दिवस होता. गिरणीवर गर्दी. तानाजीनं सकाळी दारावर जी आणि आर ही अक्षरं लिहिली होती. ही भावकी पूर्वी एकदा होऊन गेली होती आणि तिच्यात कुरकुर करणारी माणसं फार, म्हणून ती त्याच्या त्या दिवसांतल्या मनाशी जुळत होती.

सोसायटीचे माजी चेअरमन भगवानराव गडी न पाठवता स्वतःच डबा घेऊन आले होते. दाराशी थबकून त्यांनी अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "तानाजी, कधी निघाला जीआर? कशाबद्दल हाय? आमाला कावून माहीत न्हाई?"

"आण्णा, शासनाचा न्हाई. भावकी हाय," तानाजी म्हणाला आणि नियम सांगितला.

भगवानरावांनी पांढरी टोपी सारखी केली. एवढ्या लोकांत मागं राहणं त्यांना शोभलं नसतं. क्षणभर डोळे मिटून त्यांनी गर्जना केली, "ग्रँट!"

"अर्थ?"

"अर्थ काय सांगायचा? येणार येणार म्हणतेत, त्याला ग्रँट म्हणतेत."

गिरणी हसली. डबा पुढं सरकला. भगवानराव खुलले आणि गडी असल्यासारखे स्वतःच्या डब्यापाशी उकिडवे बसले. त्यांना 'ग्रीन' आठवला, 'ग्रेट' आठवला, आणि बघता बघता त्यांचा डबा पहिल्या नंबरला गेला. प्रविणनं 'ग्रंट' सांगितला, अर्थ डुकराचा आवाज, आणि तो काढूनही दाखवला. एका पोरानं "ग्रामपंचायत!" म्हणून ठोकून दिलं.

"ते मराठी हाय बे!"

"मग 'जी-आर'नंच सुरू होतं की, काका!"

एवढ्यात गलका थांबला. दारात दगडाबाई उभी होती. डोक्यावर चिंधीवाला डबा. कोणी बोलायच्या आत ती आत आली, डबा रांगेत सगळ्यांच्या शेवटी ठेवला, आणि कमरेची पिशवी सोडून तिच्यातून बटणांचा फोन काढला.

"काल पोरीचा फोन आलता," ती तानाजीला म्हणाली. "हात दुखतोय म्हनलं, तर कावून दुखतोय म्हनली. सांगितलं समदं. लई वरडली."

तानाजीनं मान खाली घातली. "वरडू द्या. मही चुकीच तशी हाय."

"तुला न्हाई, मला! म्हनली, आजी, नंबर सोडून कुनी घरी येतंय का? म्हनली, उद्या तोडीला सुट्टी हाय, आमी दुपारी कोपीवरच, झोपडीत, हावोत, तू गिरणीत जा अन् फोन लाव. मह्या डब्यासाठी ती शब्द सांगंल. चालतंय का तुह्या कायद्यात?"

तानाजीनं लगेच मान डोलावली. पण पोरं हरकत घ्यायला तयारच होती. आरोहीचा धाक त्यांना अजून होता.

"फोनवर न्हाई चालत, काका! तिथं पुस्तक उघडून बसली असंल!"

"उसाच्या फडात कोन पुस्तक उघडतंय बे?"

"पर डबा हितं अन् मानूस तिकडं, असं कुठं असतं?"

सगळ्यांनी भगवानरावांकडं पाहिलं. तंटा म्हटला की गावाला तीच सवय. भगवानराव उठून उभे राहिले, घसा साफ केला.

"सोसायटीच्या सभेला मानूस हजर नसला तर त्याचा मुखत्यार चालतो," ते म्हणाले. "मग डब्याला कावून न्हाई चालणार? हितं तर डबा खुद्द हजर हाय. लावा फोन."

फोन लागला. दगडाबाईनं तो डब्याच्या झाकणावर उभा ठेवला, जणू पोरगीच तिथं बसली आहे. पलीकडून ट्रॅक्टरची फटफट आली, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, आणि मग आरोही.

"आजी, कोनती भावकी हाय?"

"जी-आर," तानाजी ओरडला. इतका मोठ्यानं, की फोन नसता तरी साताऱ्याला ऐकू गेलं असतं.

"काका, ग्रम्बल? कुरकुरणं?"

"झाला! मह्या बहिणीनं सांगितला!" प्रविण.

"ग्रोन? कण्हणं?"

"झाला!"

पलीकडं नुसती ट्रॅक्टरची फटफट उरली. दगडाबाई फोनकडं बघत होती आणि तानाजी दगडाबाईकडं. त्याला वाटलं, जगातले सगळे शब्द आता संपले, आणि संपवणारा मीच.

"मग ग्रॅब," आरोही म्हणाली. "म्हंजे हिसकून घेणं. आत्ताच धाकट्या बाळ्यानं मह्या हातातली भाकर घेतली, तसं."

"पुढं!" तानाजीचा आवाज चिरकला. एका बाईनं आपण होऊन चिंधीवाला डबा एक घर सरकवला.

"ग्रिप. धरणं. आई डाव्या हातानं ऊस धरती अन् उजव्या हातानं तोडती ना, त्यातला डावा हात."

"पुढं!"

"ग्रास्प. लई घट्ट धरणं. उसाच्या ट्रॉलीवर बसल्यावर दोरी धरतेत, तसं."

"पुढं! पर आरोही, ह्या भावकीत तर समदे कुरकुरे होते. तू हे कुठले काढलेस?"

"काका, हे कुरकुरे न्हाईत. हे मुठीवाले हायत. आडनाव एकच, घरं दोन."

तानाजीनं कपाळावर हात मारला. तिथं पंजाचा ठसा उमटला. "बरोबर हाय! आपल्याकडं न्हाईत का? आडनाव एक अन् एकमेकांच्या मातीलाबी जात न्हाईत!"

'ग्रो' आणि 'ग्रेप' सांगून चिंधीवाला डबा पुढं पुढं येत राहिला आणि शेवटी भगवानरावांच्या डब्यामागं येऊन थांबला. पहिला नंबर चेअरमनसाहेबांचा. भगवानरावांनी डब्याच्या कडीवर हात ठेवला. निकाल आपणच दिला होता, हे त्यांना आता आठवत असावं.

"अजून एक हाय," आरोही म्हणाली. "ग्रँडमदर."

"म्हंजे?"

"आजी."

दगडाबाईनं तानाजीला हळूच विचारलं, "काय म्हनली?"

"तुमचं नाव घेतलं, काकू. तुमी बी हाव ह्या भावकीत."

"म्या? इंग्रजीत?"

"पर काका," प्रविणचा पिच्छा सुटत नव्हता, "आजी कुरकुऱ्यांतली का मुठीवाल्यांतली?"

"दोनी घरची हाय मी," दगडाबाई म्हणाली. "कुरकुर बी करते, अन् ह्या पोरीला धरून बी ठिवलं होतं, तर ट्रकात बसून गेली!"

फोनमधून आरोही खिदळली. भगवानरावांनी आपला डबा उचलला आणि चिंधीवाल्या डब्याच्या मागं ठेवला. ग्रँट मागं आणि ग्रँडमदर पुढं, असं गिरणीत प्रथमच घडलं.

तानाजीनं डबा उचलला. जोंधळे गिरणीच्या तोंडात ओतण्याआधी त्यानं, खंडेनवमी असल्यासारखा, पट्ट्याला हात लावून कपाळाला लावला. ओतले. पट्टा फिरला, पिठाची पहिली ऊबदार भुरभुर खाली पडली, आणि लाइट गेली.

मोटर तोच हुंकार देऊन थंडावली. तानाजी जिथं होता तिथं थिजला. अर्धे जोंधळे वर, अर्धं पीठ खाली, आणि त्याला दगडाबाईकडं बघायचा धीर होईना.

"आजी, दळलं का?" फोनमधून विचारणा झाली.

"न्हाई. लाइट गेली."

"मग? चाललीस का घरी?"

दगडाबाईनं पोतं ओढलं, झटकलं, आणि त्यावर पाय पसरून बसली. फोन पुन्हा झाकणावर नीट उभा केला.

"कावून जाऊ? नंबर हाय महा," ती म्हणाली. "तान्या, उभा काय ऱ्हायलास? लाइट येईस्तोवर काढ की ते तुहं फाटकं पुस्तक. ते नाकाचं घर कोनतं, शिंकणाऱ्यांचं? ते सांग पोरीला."

तानाजीनं फळीवरून शब्दकोश काढला. पान उघडलं तर भसकन पीठ उडालं, आणि भगवानराव एवढ्या मोठ्यानं शिंकले, की पोरांनी आणि फोननं एकदमच ओरडून सांगितलं, "स्नीझ!"